बलुते : एक शब्द, चार उंबरठे

समाजशास्त्र हा विषय आपल्या सेमिनरींच्या अभ्यासक्रमात रुजला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गौदियुम एत स्पेस’ या संविधानात असे सुचविले, की मेषपालकीय कार्यात ईशज्ञानाच्या तत्त्वांबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही उपयोग व्हावा. पुढे १९७१ मध्ये पोप सहावे पौल यांनी ‘ऑक्टोजेसिमा अदवेनियन्स’ या पत्रात आपापल्या देशातील परिस्थितीचे वस्तुनिष्ठ परीक्षण करण्याची जबाबदारी स्थानिक ख्रिस्ती समुदायांवर सोपविली. त्याच पत्रात एक इशाराही आहे. मानवविषयक शास्त्रे माणसाची एखादी बाजू निवडून घेतात आणि मग त्या एका बाजूवरून संपूर्ण माणसाचा उलगडा झाला असे मानू लागतात, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. आपण पहिली सूचना उत्साहाने स्वीकारली. दुसरी मात्र वाचून बाजूला ठेवली, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा विसर आहे. विद्यापीठीय समाजसिद्धान्त आणि सामान्य माणसांचे जगणे यांत अंतर पडते, ही तक्रार नवी नाही. परंतु तक्रार मोघम राहिली की तिचा उपयोग होत नाही. म्हणून येथे मी एकच शब्द घेतो, ‘बलुते’, आणि हा शब्द ज्या चार ग्रंथांत वेगवेगळ्या रूपांनी आला आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहतो. तत्पूर्वी, हा विचार मला का सुचला ते सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका धर्मग्रामात काम करीत असताना मजकडे एक छापील प्रश्नावली आली. ती चांगल्या हेतूने, अभ्यासू माणसांनी तयार केलेली होती. तिच्यातील एक प्रश्न असा होता : ‘ख्रिस्ती झाल्यानंतर आपल्या कुटुंबाच्या सामाजिक दर्जात बदल झाला आहे काय?’ उत्तरासाठी तीन चौकटी होत्या : होय, नाही, काही प्रमाणात. आमच्या धर्मशिक्षकाला वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन मी घरोघर हिंडत होतो. खालच्या गल्लीतील एका वृद्ध बाईंना मी हा प्रश्न वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, “फादर, कागद मागनं भरा की. आदी सांगा, ह्या गावात आल्यावर तुमी पाणी कुणाच्यात पिता?”

मजपाशी उत्तर होते, परंतु ते देण्याजोगे नव्हते. चार वर्षे मी त्या गावी जात होतो. पाणी, चहा, दुपारचे जेवण, सारे वरच्या आळीतील एका जमीनदार ख्रिस्ती कुटुंबाकडे होत असे. माझ्या आधीच्या धर्मगुरूंचेही तसेच होते. खालच्या गल्लीत मी प्रार्थनेला गेलो होतो, आजाऱ्यांना साक्रामेंत देण्यास गेलो होतो. पाणी मात्र प्यालो नव्हतो. त्या बाईंच्या प्रश्नासाठी प्रश्नावलीत चौकट नव्हती. त्या दिवशी मी कागद घडी करून परत आणला.

त्या संध्याकाळपासून पुस्तकांतील गाव मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो.

पहिला उंबरठा : कचेरीचा

मराठीत गावव्यवस्थेवरील आद्य व आजही अपरिहार्य ग्रंथ म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५). आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांनी गाव ग्रंथालयात बसून पाहिला नाही. तो घोड्यावरून, पायी, चावडीत बसून, दप्तरे चाळून पाहिला. त्यामुळे गावगाड्यातील भाषा ही खरोखरीच गावाची भाषा आहे. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ओळी, खळ्यावरचा वाटा, सणावारांचे हक्क, या सर्वांची नोंद त्यांनी ज्या तपशिलाने केली आहे तिला तोड नाही. परकीय परिभाषेचा आधार न घेता समाजशास्त्र मराठीत लिहिता येते, याचा हा पुरावाच होय.

परंतु आत्र्यांचा उंबरठा कचेरीचा आहे, हे विसरून चालत नाही. त्यांची कळकळ मुख्यतः कुणब्याविषयी आहे. कुणबी राबतो आणि त्याच्या राशीवर वतनदार, बलुतेदार, मागते आणि फिरस्ते अशी सारी मंडळी हात मारतात, असे चित्र त्यांच्या पुस्तकातून उभे राहते. वंशपरंपरागत हक्कामुळे कामात कसूर होते व कसबाला उत्तेजन मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र ‘बलुते’ हा शब्द येथे देणाऱ्याच्या बाजूने उच्चारला गेला आहे. बलुते म्हणजे कुणब्यावरचा भार. तो भार घेणाऱ्याच्या ओटीत पडताना काय होते, हे या उंबरठ्यावरून दिसत नाही.

दुसरा उंबरठा : मिशनचा

दुसरा ग्रंथ आपल्याला अधिक जवळचा, आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारा आहे. विल्यम वायझर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी. ते व त्यांच्या पत्नी शार्लट यांनी उत्तर प्रदेशातील ज्या खेड्यात काम केले त्याला त्यांनी ‘करीमपूर’ असे कल्पित नाव दिले. १९३० मध्ये या दांपत्याने ‘बिहाइंड मड वॉल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात माणसे आहेत. ती संशय घेतात, भांडतात, पाहुण्यांची परीक्षा पाहतात आणि हळूहळू दार उघडतात. सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, वायझर यांचा ‘द हिंदू जजमानी सिस्टिम’ हा शास्त्रीय ग्रंथ आला. आपल्याकडील बलुतेपद्धतीशी नाते सांगणाऱ्या उत्तरेतील व्यवहाराला ‘जजमानी पद्धती’ हे नाव विद्यापीठीय जगात रूढ झाले ते या ग्रंथामुळे.

आता या दोन पुस्तकांतील फरक पाहा. पहिल्यात जी माणसे होती ती दुसऱ्यात सेवा देणारी व सेवा घेणारी एकके झाली. प्रत्येक जात इतर जातींची सेवा करते व उलट त्यांची सेवा घेते, अशी परस्परसहकार्याची सुसंगत घडी तेथे मांडली आहे. या घडीत एक सौंदर्य आहे. ख्रिस्ती वाचकाला तर एका शरीरातील अनेक अवयवांची पौलाची उपमा आठवावी इतके. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः टॉमस बीडलमन यांनी १९५९ मध्ये, या चित्रावर नेमके बोट ठेवले. ज्याच्याकडे जमीन आहे त्याची सेवा आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याची सेवा यांना एका तराजूत घालता येत नाही. परस्परतेच्या नावाखाली येथे सत्तेचा व पिळवणुकीचा व्यवहार झाकला जातो, असा त्यांचा आक्षेप होता.

वायझर निष्काळजी नव्हते, निर्दयही नव्हते. गावातील लोकांवर त्यांचे प्रेम होते. त्यांच्या उदाहरणाने मला भय वाटते ते याचसाठी. ज्या हातांनी माणसांविषयी जिव्हाळ्याचे पुस्तक लिहिण्यास हातभार लावला, त्याच हातांनी पद्धतशीर ग्रंथ लिहावयास घेताच माणसे निसटून गेली. प्रेम असूनही हे घडू शकते. आपल्या अहवालांत हे किती सहज घडत असेल, याचा अंदाज करावा.

तिसरा उंबरठा : पाटलाचा

तिसरा ग्रंथ म्हणजे प्रा. एम. एन. श्रीनिवास यांचा ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६). श्रीनिवास (मृत्यू १९९९) हे भारतीय समाजशास्त्रातील अग्रगण्य नाव. आपल्या बडोद्याच्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष जवळीक वाटेल, कारण तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५१ मध्ये समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. ‘संस्कृतीकरण’ हा शब्द त्यांचा. कनिष्ठ मानलेली जात मद्यमांस सोडून, वरिष्ठांचे आचार व देवधर्म उचलून, एकदोन पिढ्यांत आपला दर्जा उंचावू पाहते, ही प्रक्रिया त्यांनी १९५२ मध्ये कूर्गवासीयांवरील ग्रंथात विशद केली. ‘प्रभावी जात’ ही त्यांची दुसरी मोठी संकल्पना ज्या खेड्याच्या अभ्यासातून आली, ते म्हैसूरजवळचे ‘रामपुरा’. १९४८ मध्ये ते तेथे राहिले होते.

या ग्रंथाच्या जन्माची कथा सर्वविदित आहे. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्राला आग लावण्यात आली आणि रामपुऱ्यावरील त्यांच्या संस्कारित टिपणांच्या सर्व प्रती जळाल्या. तेव्हा सोल टॅक्स या सहकाऱ्याने सुचविले, की आता आठवणीतूनच लिहावे. श्रीनिवासांनी तसे केले. परिणाम असा झाला, की त्यांच्या सर्व ग्रंथांत अधिक जिवंत असा ग्रंथ राखेतून निघाला. त्यात पाटील आहे, नाडू गौडा आहे, कुळ्ळे गौडा आहे. त्यात शेतीचे विश्व आहे, रुसवेफुगवे आहेत, मत्सर, थट्टा, मैत्री आणि वैर आहे. स्नानानंतर दाढी करणाऱ्या या शिकलेल्या ब्राह्मणाला आचार शिकविणारा पाटीलही आहे. वर्गीकरणाच्या खणांत जे मावत नव्हते ते खण जळाल्यावर परत आले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग उपाय सोपा आहे. टिपणे बाजूला ठेवावीत, आठवणी लिहाव्यात, म्हणजे सिद्धान्त आणि जीवन यांतील अंतर मिटेल. तसे होत नाही. श्रीनिवासांचा मुक्काम पाटलाच्या मालकीच्या घरात, वरिष्ठ जातींच्या वस्तीत होता. त्यांनी ज्यांना स्वतंत्र प्रकरण दिले ते तिन्ही महत्त्वाचे पुरुष त्या वर्तुळातले आहेत. आपण हरिजनांच्या किंवा मुसलमानांच्या वस्तीत राहिलो असतो तर गाव वेगळे दिसले असते, स्त्रियांच्या जगात आपला प्रवेश मर्यादित होता, हे ते मोकळेपणाने कबूल करतात. ही कबुली त्यांच्या मोठेपणाची साक्ष आहे. तरीही कबुलीने पोकळी भरून निघत नाही. वर्षाकाठी धान्य घेऊन राबणारी माणसे या ग्रंथात भेटतात खरी, परंतु ती बहुधा अंगणात उभी असतात, आणि आपण त्यांना ओट्यावरून पाहत असतो.

सिद्धान्तावरही या उंबरठ्याची छाया पडली आहे. अनुकरणाने वर चढण्याची वाट अस्पृश्यांच्या बाबतीत बंद होते, हे श्रीनिवासांनीही मान्य केले होते. ज्यांच्यासाठी वाट बंद होती त्यांच्यापासून जर विचार सुरू झाला असता, तर ‘वाट कशी चढतात’ याऐवजी ‘दार कोणी लावले’ हा पहिला प्रश्न ठरला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात हेच घडले आहे. अनुकरणाचे तत्त्व तेथेही आहे, आणि तेही श्रीनिवासांच्या छत्तीस वर्षे आधी. परंतु एका वर्गाने आपले दार लावून घेतले की इतर आपोआप बाहेर पडतात, याची जाणीव त्या विवेचनाच्या मुळाशी आहे. तोही विद्यापीठीय निबंधच होता. तेव्हा दोष सिद्धान्तमांडणीच्या माथी मारता येत नाही. कोण, कोठे उभा राहून सिद्धान्त मांडतो, हे पाहिले पाहिजे.

चौथा उंबरठा : महारवाड्याचा

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन ग्रंथांनी ज्याचे वर्णन केले ती व्यवस्था येथे पुस्तकाचे नाव होऊन येते. कुणब्याचा भार, परस्परसेवा, धान्याच्या मोबदल्यातील वंशपरंपरागत संबंध, हे सर्व अर्थ गळून पडतात आणि उरते ते हे : माझ्या पदरात समाजाने काय टाकले. गावातला महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना या दोन्ही ठिकाणचे जगणे लेखकाने काही न लपविता सांगितले आहे. यात आपल्याच माणसांच्या उणिवा आहेत, स्वतःची भीती आणि लाचारी आहे. म्हणूनच हे पुस्तक केवळ फिर्याद राहत नाही.

समीक्षेच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती या पुस्तकाची रचना. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो आहे, अशी ती आहे. दोघे एकच. एक शिकलेला, लिहिणारा, शहरी. दुसरा त्याच्या आत दडून राहिलेला वाड्यातला. शिकलेला ऐकतो आणि वाड्यातला बोलतो. ज्या अंतराविषयी आपण बोलत आहोत ते अंतर येथे एका माणसाच्या आतून गेले आहे, आणि लेखकाने ते बुजविल्याचा आव आणलेला नाही. शास्त्राने पाहावयाचे आणि लोकांनी पाहून घ्यावयाचे, ही वाटणी या एका युक्तीने उलटविली गेली आहे.

मात्र येथेही सावध राहणे इष्ट. ‘बलुतं’ वाचले म्हणजे गाव समजला असे नाही. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वतन का टिकले, कोणाच्या हितासाठी टिकले, आणि कायद्याने गेल्यावरही गावाच्या मनातून का गेले नाही, हे उलगडण्यास आत्र्यांचा तपशील लागतो, बीडलमन यांचा आक्षेप लागतो, श्रीनिवासांची ‘प्रभावी जात’ही लागते. दुःख भोगणाऱ्याला दुःखाची जाण असते. त्याच्या कारणांचा सगळा पट त्याच्यासमोर असेलच असे नाही. सिद्धान्ताचे खरे काम तेथे आहे. चारही उंबरठे आवश्यक आहेत. परंतु पहिले तीन आपल्या ग्रंथालयांत मांडून चौथा बाहेर ठेवला, तर आपण ज्याला समाजविश्लेषण म्हणतो ते अर्धे राहते, आणि अर्धे आहे याचा पत्ताही लागत नाही.

आपला उंबरठा

हे सर्व इतरांविषयी झाले. आता आपल्याविषयी. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गोव्यात तर बामण, चारडो, सुदीर हे भेद धर्मांतरानंतर चर्चच्या आतच नांदले आणि कित्येक कोंफ्रारियांचे सभासदत्व जातीवर ठरत आले. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण २०१६ मध्ये प्रसिद्ध केले, याचा अर्थच असा, की प्रश्न आपल्या घरातला आहे हे ख्रिस्तसभेने अधिकृतपणे मान्य केले आहे. तेव्हा ‘ख्रिस्तात सर्व एक’ हा आपला सिद्धान्तही याच कसोटीवर उतरला पाहिजे. तो असत्य आहे असे माझे म्हणणे नाही. तो मी दर रविवारी सांगतो. परंतु तो कोणत्या ओट्यावरून सांगितला जातो, हे ऐकणाऱ्याला माहीत असते.

माझ्या धर्मशिक्षकाचेच पाहा. प्रश्नावली घेऊन हिंडताना मी त्याला वाट दाखविण्यापुरता बरोबर घेतला होता. तो त्याच गल्लीत जन्मलेला. कोणत्या घरी कोणत्या भांड्यात पाणी येते, कोणाच्या मयताला कोण खांदा देत नाही, हे तो लहानपणापासून जाणत होता. त्याला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. आमच्या अहवालात त्याचा उल्लेख ‘स्थानिक साहाय्यक’ असा झाला असता. ज्याच्याजवळ ज्ञान होते तो वाटाड्या ठरला आणि ज्याच्याजवळ चौकटी होत्या तो अभ्यासक ठरला.

यावर मोठे उपाय सुचविण्याचा मला अधिकार नाही. दोन लहान गोष्टी मात्र करता येण्याजोग्या आहेत. सेमिनरीतील अभ्यासक्रमात ‘गावगाडा’ व ‘बलुतं’ एकत्र, एकाच सत्रात वाचावेत; एकाच शब्दाचे दोन अर्थ विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावेत. आणि धर्मग्रामातील कोणत्याही पाहणीच्या पहिल्या पानावर, आकड्यांच्या आधी, पाहणाऱ्याने तीन वाक्ये लिहावीत : मी कोठे उतरलो, कोणाच्या घरी जेवलो, आणि कोणाशी बोलणे झाले नाही. ही वाक्ये लिहिण्यास धर्मशिक्षक बरोबर बसावा. श्रीनिवासांनी प्रांजळपणे जी कबुली दिली ती आपण नियम म्हणून पाळण्यास हरकत नसावी.

पुढच्या भेटीत मी त्या बाईंच्या घरी पाणी मागितले. त्यांनी दिले, आणि मी प्यालो. त्याने काही पालटले, असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. उलट वरच्या आळीतील त्या कुटुंबाने पुढे वर्षभर मला जेवणास बोलाविले नाही. सणाच्या मिस्साला ते येत, प्रभूभोजन घेत, आणि उपासना संपताच न बोलता निघून जात. प्रश्नावलीच्या तीन चौकटींनी जे सांगितले नसते ते त्या मौनाने सांगितले. त्यांच्याशी पुन्हा बोलणे सुरू करणे, तेही खालच्या गल्लीतील पाणी न सोडता, हे माझ्या मेषपालकीय जीवनातील सर्वांत अवघड काम ठरले, आणि मी तेथून बदलून आलो तेव्हा ते अपुरेच होते.

शोमरोनी स्त्रीची कथा आपण सर्वांनी अनेकदा विवरून सांगितली आहे. उपासना कोणत्या डोंगरावर करावी, हा त्या संभाषणातील सिद्धान्ताचा प्रश्न. त्याचे उत्तर प्रभूने टाळले नाही. परंतु ते उत्तर नंतर आले. आधी तो थकून विहिरीवर बसला, आणि ज्यांच्याशी त्याचे लोक व्यवहार ठेवीत नसत त्यांच्यातील एकीकडे त्याने प्यावयास पाणी मागितले. पुढे त्या गावच्या लोकांनी विनंती केली तेव्हा तो त्यांच्यात दोन दिवस राहिला. योहानाने दिवसांची संख्या नोंदविली आहे. मुक्काम कोणाच्या घरी होता, ते लिहिलेले नाही. आपल्या गावी मात्र ते लोकांच्या लक्षात राहते.